नव्या छापाचा माल बाजारात का टिकत नाही?

शेतमाल पिकवावा आणि आडत्याच्या गाळ्यावर नेऊन टाकावा, एवढ्यापुरतेच शेतकऱ्याचे काम आता मर्यादित राहिलेले नाही. २००२ साली कंपनी कायद्यात दुरुस्ती होऊन उत्पादक कंपनीची तरतूद करण्यात आली आणि २०२० साली केंद्र शासनाने देशात १०,००० शेतकरी उत्पादक संस्था उभारण्याची योजना हाती घेतली. शेतकऱ्यांच्या अशा कंपन्या व महिला बचत गट आज हळदपूड, मसाले, डाळी, गूळ, पापड, शेवया, ज्वारी-बाजरीची पिठे इत्यादी वस्तू स्वतःच्या नावाच्या पुड्यांतून विकू लागले आहेत. व्यापारी ज्यास 'ब्रँड' म्हणतात, त्यास या लेखात 'छाप' असे म्हटले आहे.

या उद्योगात एक गोष्ट पुनःपुन्हा दृष्टीस पडते. छापाचे उद्घाटन थाटात होते, प्रदर्शनात माल हातोहात खपतो, पहिल्या महिन्यात दुकानदारही पुडे ठेवून घेतो. पुढे मात्र मागणी येईनाशी होते आणि सहा महिन्यांनी उरलेले पुडे धूळ खाऊन परत येतात. मालात गुंतलेला पैसा सभासदांच्या भागभांडवलाचा असतो. एकदा तो बुडाला की दुसऱ्या वेळी सभासद हात आखडता घेतात आणि मुकाट्याने पुन्हा जुन्या व्यापाऱ्याच्या दारी जातात. यास्तव नवा छाप का बुडतो, याची कारणे माल बाजारात धाडण्यापूर्वीच समजून घेणे अगत्याचे आहे.

'आमचा माल शुद्ध आहे, पण जाहिरातीला पैसा नाही, म्हणून तो खपत नाही,' अशी समजूत सर्वत्र आढळते. ती बहुतांशी चुकीची आहे. ज्यांच्यापाशी जाहिरातीस अमाप पैसा होता, अशा मोठ्या कंपन्यांचे मालही भारतीय बाजारात अडखळले आहेत. उलट ज्यांच्यापाशी काहीच नव्हते, अशांचे माल घरोघरी पोहोचले आहेत. दोहोंतील फरक मुख्यतः दोन बाबींत आढळतो. एक, माल घरातील रीतीस जुळतो की नाही; आणि दोन, पहिला पुडा संपल्यावर तोच माल, त्याच गुणाचा, पुन्हा मिळतो की नाही.

घरातील रीत

केलॉग ही अमेरिकेतील नामांकित कंपनी १९९४ साली आपले मक्याचे पोहे, म्हणजे कॉर्नफ्लेक्स, घेऊन भारतात आली. रायगड जिल्ह्यातील तळोजे येथे तिने कारखाना उभारला. कंपनीचे नाव जगप्रसिद्ध होते, माल उत्तम होता आणि भांडवलाची वाण नव्हती. तरीही आरंभीच्या काळात अपेक्षेप्रमाणे खप झाला नाही.

याची कारणे कारखान्यात शोधून सापडणारी नव्हती. हे पोहे थंड दुधात घालून लगेच, कुरकुरीत असतानाच खावयाचे असतात. आपल्याकडे दूध तापवून, बहुधा गरमच घेण्याची चाल आहे. गरम दूध ओतताच पोह्यांचा लगदा होई. थंड दूध घ्यावे तर त्यात साखर चांगली विरघळत नसे. शिवाय सकाळी ताजे कांदेपोहे, उपमा, इडली किंवा पराठा करण्याची जी रीत घरोघर होती, तीच या मालाने मोडावयास हवी होती. त्यात देशी बनावटीच्या कॉर्नफ्लेक्सपेक्षा याची किंमतही चढी होती. पुढे कंपनीने लहान पुडे काढले व मुलांना रुचेल असा गोड माल आणला. तिच्यापाशी वर्षानुवर्षे थांबण्याइतका पैसा होता, म्हणून ती टिकली. शेतकरी कंपनीस इतका अवधी मिळत नाही. तिचे खेळते भांडवल एका हंगामातच संपते.

यावरून घ्यावयाचा बोध असा की, माल गिऱ्हाइकाच्या घरी नेमका कसा वापरला जातो, हे आधी पाहावे. कोणत्या भांड्यात, दिवसाच्या कोणत्या वेळी, कोणाच्या हातून, कशाबरोबर? ज्या मालासाठी गृहिणीस स्वयंपाकाची पद्धत बदलावी लागते, त्याचा खप अतिशय सावकाश वाढतो. जो माल तिच्या नेहमीच्या डब्यात ओतला जातो, त्याचे काम सोपे असते.

जिभेची व डोळ्याची सवय

खुद्द शेतकऱ्यांच्या संस्थेलाही हा धडा शिकावा लागला आहे. गुजरातेतील खेडा जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघ १९४६ साली स्थापन झाला. १९५५ साली आणंद येथे त्याची नवी डेअरी सुरू झाली आणि 'अमूल' छापाचे लोणी बाजारात आले. त्या वेळी मुंबईच्या बाजारात पोल्सनच्या लोण्याचे वर्चस्व होते. ते आंबविलेल्या सायीपासून केलेले, खारवलेले व पिवळसर असे. संघाचे लोणी ताज्या सायीचे होते. सबब ते अधिक चांगले ठरावयास हवे होते. पण पोल्सनच्या चवीस सरावलेल्या गिऱ्हाइकास ते बेचव लागले. म्हशीच्या दुधाचे असल्याने ते दिसावयासही पांढरे होते. अखेर लोण्यात मीठ, पिवळा रंग व गिऱ्हाइकाच्या ओळखीचा स्वाद आणावा लागला, तेव्हा कोठे त्याने बाजारात जम बसविला.

आज रसायनविरहित गुळाची नेमकी हीच अडचण आहे. अनेक वर्षे पिवळाधमक गूळ पाहिलेल्या शहरी गिऱ्हाइकास काळपट तांबूस ढेप हलक्या प्रतीची वाटते. तिचा रंग काळा का, हे उत्पादकास ठाऊक असते. दुकानाच्या फळीपुढे उभ्या असलेल्या बाईस ते कोणी सांगितलेले नसते. येथे दोन मार्ग आहेत. रस निवळविण्यासाठी रानभेंडीच्या खोडाचा चिकट रस वापरणे, मळी वेळेवर काढणे व काहील स्वच्छ राखणे या उपायांनी गुळाचा रंग जितका उजळेल तितका उजळवावा. आणि जो रंग उरेल त्याचे कारण पुड्यावर ठळक अक्षरांत, एका वाक्यात छापावे. रंग उजळण्यासाठी रसायनाकडे मात्र वळू नये. तसे केल्यास ज्या गुणावर छाप उभा आहे तोच नाहीसा होतो.

किंमत व पुड्याचा आकार

१९६९ साली अहमदाबादेत करसनभाई पटेल यांनी घरच्या घरी कपडे धुण्याची पावडर तयार केली व ती सायकलवरून दारोदार विकली. तिची किंमत किलोस सुमारे साडेतीन रुपये होती. नामांकित पावडर तिच्या तिप्पट-चौपट महाग असे. ज्या घरांनी तोवर साबणाच्या वडीखेरीज काही वापरलेच नव्हते, त्या घरांत 'निरमा' पोहोचली. तिला तोंड देण्यासाठी हिंदुस्थान लिव्हर या बलाढ्य कंपनीस १९८७ साली 'व्हील' हा स्वस्त माल काढावा लागला.

किंमत कमी करता येत नसेल, तर एका वेळी द्यावी लागणारी रक्कम कमी करता येते. तमिळनाडूतील कडलूर येथे १९८३ साली सी. के. रंगनाथन यांनी 'चिक' शाम्पू लहान पुडीतून विकावयास आरंभ केला. बाटली घेण्याची ऐपत नसलेल्या मजुराच्या कुटुंबास एक पुडी घेता येत होती. कंपनीची माणसे खेड्यात जाऊन मुलांचे केस सर्वांसमक्ष धुऊन दाखवीत व लोकांना हात लावून पाहावयास सांगत. रिकाम्या पुड्यांच्या बदल्यात नवी पुडी देण्याची योजनाही त्यांनी राबविली. शेतीखात्याच्या कार्यकर्त्यांस ही पद्धत नवी नाही. सुधारलेल्या बियाण्याचे प्रात्यक्षिक शेतात घेतात, तद्वतच येथे मालाचे प्रात्यक्षिक घेतले गेले.

तथापि लहान पुडीचा मोह हिशेब करूनच धरावा. समजा, २०० ग्रॅमच्या पुड्याचे वेष्टन ४ रुपयांस पडते आणि २५ ग्रॅमच्या पुडीचे १ रुपयास. पहिल्यात दर ग्रॅममागे २ पैसे खर्च होतात, दुसऱ्यात ४ पैसे. पुडी लहान होताच वेष्टनाचा भार दुप्पट झाला. आठवडी बाजारात लहान पुडी व शहरातील वसाहतीत मोठा पुडा, असे धोरण बहुधा योग्य ठरते.

दुसरी खरेदी

प्रदर्शनातील विक्रीवरून मालाचे भवितव्य ठरवू नये. तेथे येणारा माणूस हौसेने व बचत गटाविषयीच्या आपुलकीने एक पुडा घेतो. ती खरेदी मालाची परीक्षा नव्हे. तोच पुडा घरी संपल्यावर तो माणूस किंवा त्याची पत्नी तेच नाव मागून घेते की नाही, यावर छापाचे जगणे-मरणे अवलंबून असते.

ही दुसरी खरेदी चुकण्याची तीन कारणे आहेत.

पहिले कारण, माल दुकानात नसणे. १५ मार्च १९५९ रोजी मुंबईत गिरगावातील सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास सुरुवात केली. तोच आजचा लिज्जत पापड होय. पहिल्या वर्षी पावसाळ्यात पापड वाळेनात, म्हणून चार महिने काम बंद ठेवावे लागले. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खाट व एक स्टोव्ह घेतला. खाटेवर पापड मांडून खाली स्टोव्ह पेटविला की पावसातही पापड वाळत. उपाय अगदी साधा होता, परंतु त्यामुळे पावसाळ्यातही माल मिळू लागला. जो छाप वर्षातून चार महिने दिसतच नाही, त्याची जागा दुकानदार दुसऱ्यास देतो आणि गिऱ्हाईकही त्यास विसरते.

दुसरे कारण, माल प्रत्येक वेळी निराळा असणे. लिज्जतच्या भगिनींनी आरंभी उत्तम व हलक्या अशा दोन प्रतींचे पापड करून पाहिले होते. त्यांचे मार्गदर्शक छगनबापा यांनी एकच उत्तम प्रत राखण्याचा व तिच्याशी कधीही तडजोड न करण्याचा सल्ला दिला; तो त्यांनी पाळला. शेतकरी कंपनीस ही गोष्ट अधिक अवघड जाते, कारण सभासदांचा माल घरोघरचा असतो. एकाची हळद नीट शिजविलेली व खणखणीत वाळलेली, दुसऱ्याची ओलसर. दोन्ही एकत्र दळल्यास पुडा एक व गुण दोन अशी अवस्था होते. 'सभासदाचा माल नाकारावा कसा?' ही भीड येथे छापाच्या मुळावर येते. हलका माल घ्यावयाचाच झाल्यास तो वेगळा ठेवून, छाप न लावता घाऊक बाजारात विकावा.

तिसरे कारण, माल टिकावू नसणे. बाजरीत स्निग्धांश अधिक असतो. दळल्यानंतर त्यावर धान्यातीलच विकरांची क्रिया सुरू होते व पीठ थोड्याच दिवसांत कडवट होते, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. ती एका वेळी आठवड्यापुरतेच दळून आणते. असे पीठ पुड्यात भरून तीन आठवड्यांनी पुण्या-मुंबईच्या फळीवर पोहोचविले, तर गिऱ्हाइकाच्या ताटात कडू भाकरी पडते आणि तो छाप त्या घरात पुन्हा येत नाही. यावर उपाय म्हणून धान्य उकळत्या पाण्यात थोडा वेळ बुडवून, पूर्ण वाळवून मग दळतात, त्यामुळे पीठ अधिक टिकते. ही सोय नसेल, तर निवडलेली स्वच्छ बाजरीच पुड्यात विकावी. हळदपूड पारदर्शक पुड्यात भरून उजेडात ठेवल्यास तिचा रंग फिका पडतो. गूळ पावसाळी हवेतील ओल ओढून घेतो व पाझरतो. म्हणून वेष्टनाची निवड मालाचा स्वभाव पाहून करावी. केवळ पुडा आकर्षक दिसावा, हा विचार दुय्यम होय.

दुकानदाराचा व कंपनीचा हिशेब

२०० ग्रॅम हळदपुडीचे एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजुतीसाठी आहेत व कर सोयीसाठी वगळला आहे. छापील किंमत ६० रुपये. त्यातून दुकानदारास १५ टक्के म्हणजे ९ रुपये आणि वितरकास ८ टक्के म्हणजे ४ रुपये ८० पैसे गेले. कंपनीच्या हाती ४६ रुपये २० पैसे आले. हळद ३२ रुपये, दळण ३ रुपये, वेष्टन ४ रुपये आणि वाहतूक व नमुने ३ रुपये २० पैसे, असा एकूण खर्च ४२ रुपये २० पैसे होतो. पुड्यामागे ४ रुपये उरले. शंभर पुड्यांमागे ४०० रुपये.

आता या शंभरांपैकी ८ पुडे न विकता परत आले व टाकून द्यावे लागले असे समजा. ९२ पुड्यांचे ४,२५० रुपये ४० पैसे आले. खर्च मात्र सर्व शंभरांवर, म्हणजे ४,२२० रुपये झाला. शिल्लक उरली ३० रुपये ४० पैसे. नववा पुडा परत येताच १५ रुपये ८० पैशांचा तोटा झाला. शंभरात आठ-नऊ पुडे परत येणे ही दिसावयास क्षुल्लक गोष्ट आहे, पण तीत सर्व नफा वाहून जातो.

उधारीचे ओझे याहून वेगळे आहे. दर आठवड्यास १,००० पुडे जातात व पैसे दीड महिन्याने येतात, असे धरल्यास सुमारे सहा आठवड्यांचा माल सतत बाहेर असतो. त्यात २,५३,२०० रुपये अडकून पडतात. एवढी रक्कम बाजूला ठेवता येत नसेल, तर विक्री वाढत असतानाच कंपनीची गिरणी बंद पडते. कारण सभासदास हळदीचे पैसे देण्यास तिच्यापाशी रोकड उरत नाही.

दुकानदाराच्या बाजूनेही विचार करावा. त्याच्या फळीवरील जागा मर्यादित असते. ज्या मालाची विचारणा रोज होते, तोच तो समोर ठेवतो. नव्या छापास केवळ अधिक टक्केवारी देऊन ही जागा फार काळ विकत घेता येत नाही. म्हणून शंभर गावांतील शंभर दुकानांत पाच-पाच पुडे पसरण्यापेक्षा एका शहराच्या एका भागातील वीस दुकाने निवडावीत व ती कधीही रिकामी राहू देऊ नयेत.

नाव व नोंदणी

नाव ठरविताना ते दुसऱ्या कोणी आधी नोंदविले आहे काय, हे वेष्टन छापण्यापूर्वी तपासावे. व्यापारचिन्ह कायदा, १९९९ अन्वये केलेली नोंदणी दहा वर्षे चालते व पुढे तिचे नूतनीकरण करता येते. भौगोलिक मानांकन लाभलेल्या मालाचे, उदाहरणार्थ २०१८ साली मानांकन मिळालेल्या सांगलीच्या हळदीचे, नाव वापरावयाचे असल्यास अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करावी लागते. खाद्यपदार्थांसाठी उलाढालीनुसार अन्नसुरक्षा नोंदणी किंवा परवाना घ्यावा. पुड्यावर उत्पादकाचे नाव-पत्ता, निव्वळ वजन, तारीख व कमाल किरकोळ किंमत असणे बंधनकारक आहे. छापील वेष्टनाची मोठी मागणी आरंभीच नोंदवू नये. साध्या पुड्यावर चिठ्ठी चिकटवून सुरुवात केल्यास चूक सुधारण्यास वाव राहतो.

कार्यकर्त्यांनी करावयाची परीक्षा

छाप सुरू करण्यापूर्वी ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी उत्पादकांकडून पुढील परीक्षा करून घ्यावी.

१. ज्या वस्तीत माल विकावयाचा आहे तेथील वीस घरे निवडावीत. सभासदांची किंवा त्यांच्या नातलगांची घरे यांत नसावीत.

२. प्रत्येक घरी बिननावाचा एक पुडा ठरलेल्या किमतीस विकावा. फुकट दिलेल्या मालाची सर्वच स्तुती करतात. त्या स्तुतीवर भरवसा ठेवू नये.

३. पुडा संपण्याच्या सुमारास पुन्हा जावे. 'आवडला काय?' असे न विचारता 'दुसरा देऊ काय?' असे विचारावे व पैसे घ्यावेत.

४. ज्यांनी नकार दिला त्यांच्या स्वयंपाकघरात सध्या कोणता माल आहे, तो कोठून व किती दराने येतो, हे लिहून घ्यावे. सर्वात उपयुक्त माहिती याच घरांतून मिळते.

५. तिसऱ्यांदाही निम्म्या घरांनी पैसे देऊन माल घेतला, तरच पुढे जावे. तसे न झाल्यास माल, पुडा किंवा किंमत बदलून परीक्षा पुन्हा घ्यावी.

६. पावसाळ्यासह बारा महिने माल पुरेल काय व सहा आठवड्यांची उधारी सोसेल काय, हे कागदावर मांडून सभासदांच्या सभेत वाचून दाखवावे.

या परीक्षेत माल न उतरल्यास त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. स्वतःचा छाप काढणे हा मालास भाव मिळविण्याच्या अनेक मार्गांपैकी एक आहे. हळद नीट वाळवून, प्रतवारी करून, १९३७ च्या कायद्याखालील ॲगमार्कच्या कसास उतरवून एकत्रितपणे विकली, तरी विस्कळीत विक्रीपेक्षा सभासदांची बाजू बळकट होते आणि भांडवलही धोक्यात येत नाही. वीस घरांच्या परीक्षेस एक-दोन महिने व काही हजार रुपये लागतात. ती न करता छापलेल्या वेष्टनांची रिळे गोदामात पडून राहिली, तर तो खर्च अखेर सभासदांच्याच भागभांडवलातून जातो. म्हणून वेष्टनाची मागणी नोंदविण्याचा ठराव सभेपुढे येईल, तेव्हा त्यासोबत वीस घरांचा तक्ता मांडला जावा, असा आग्रह कार्यकर्त्यांनी व सभासदांनी धरावा.